जुने छापील साहित्य आणि वयोवृद्ध वाचक

तमिळनाडूतील कोट्टैयूर येथे पाट्या रंगविण्याचा व्यवसाय करणाऱ्या रोजा मुथय्या यांनी आयुष्यभर जुने तमिळ मुद्रित साहित्य जमविले. ग्रंथ आणि नियतकालिके तर त्यात होतीच, पण नाटकांची हस्तपत्रके व लग्नपत्रिकाही त्यांनी जपल्या. १९९२ मध्ये ते निवर्तले. पुढे शिकागो विद्यापीठाच्या साहाय्याने हा संग्रह मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला आला आणि १९९४ मध्ये त्यातून एक संशोधन ग्रंथालय उभे राहिले. आता अशा प्रकारचे पुष्कळ साहित्य संगणकाच्या पडद्यावर वाचता येते.

ते वाचणार कोण? संशोधक, असे उत्तर सहज दिले जाते. वास्तविक, या पानांशी ज्याची जुनी ओळख आहे तो वाचक वेगळाच आहे. १९७८ मध्ये तमिळनाडू सरकारने लिपीत सुधारणा केली. त्यापूर्वी काही व्यंजनांना 'ऐ'ची मात्रा हत्तीच्या सोंडेसारखी जोडली जात असे, तर काहींना 'आ'कार जोडताना अक्षराचे रूपच पालटे. ज्यांचे शालेय शिक्षण तोपर्यंत पुरे झाले होते, त्यांनी आज साठी ओलांडली आहे. त्यांना ही वळणे मुद्दाम शिकावी लागत नाहीत. तरुण वाचक मात्र क्षणभर अडखळतो, आणि नव्या अक्षरांवर घडविलेली संगणकीय वाचनयंत्रणाही चुकू शकते.

असे असूनही हे संग्रह रचताना या वाचकाचा विचार क्वचितच होतो. पान केवळ छायाचित्राच्या रूपात असले, तर भ्रमणध्वनीवर ते मोठे करताच ओळ पडद्याबाहेर जाते. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना हा खेळ झेपत नाही. सूचीत ग्रंथनामे रोमन लिपीत असली, तर तमिळ जाणणाराही दाराशीच थबकतो. यावर उपाय म्हणजे पानांचा मजकूर अक्षरांच्या रूपात उतरविणे. मग तो हवा तेवढा मोठा करता येतो, यंत्राकडून वाचूनही घेता येतो.

हे काम कष्टाचे असले तरी अशक्य नाही. १९९८ मध्ये सुरू झालेल्या 'प्रोजेक्ट मदुराई' या उपक्रमात स्वयंसेवकांनी प्राचीन तमिळ ग्रंथ घरबसल्या टंकलिखित केले, मुद्रिते तपासली. जुन्या छपाईची मुद्रिते तपासण्यास सोंडेची मात्रा ओळखणाऱ्या निवृत्त शिक्षकाहून योग्य माणूस कोठे मिळणार? मात्र त्याच्यासाठी पडद्यावरील अक्षर आधी मोठे करावे लागेल.