पाटी लावण्याआधी

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवार होता, सकाळचे दहा वाजले असतील. दारावरची बेल वाजली. दार उघडले तर एक अनोळखी तरुण उभा. काखेत चादरीत गुंडाळलेले काहीतरी लांबलचक. समोरच्या बिऱ्हाडातल्या वहिनी नेमक्या त्याच वेळी दुधाच्या पिशव्या घ्यायला बाहेर आल्या होत्या. तो तरुण खणखणीत आवाजात म्हणाला, "काका, बंदुका रिपेअर करणारे तुम्हीच ना?"

वहिनींनी पिशव्या उचलल्या, माझ्याकडे एकवार पाहिले आणि दार लावून घेतले. भाईंदर पश्चिमेतल्या आमच्या सोसायटीत तीस वर्षे साधा, पापभीरू गृहस्थ म्हणून मिळवलेले नाव एका वाक्यात गेले!

तेव्हा आधीच सांगून टाकतो. मी दुरुस्त करतो त्या हवाई बंदुका. जत्रेत फुगे फोडायला असते तिच्या जातीतल्या, पण नेमबाजीच्या सरावासाठी वापरल्या जाणाऱ्या. बारूद नाही, काडतूस नाही. तरीही 'बंदूक' हा शब्द काही हलका होत नाही आणि तो हलका होऊ नये, हे मला जरा उशिरा कळले.

माझे सारे आयुष्य टूलरूममध्ये गेले. आमच्या भाईंदरमध्ये स्टीलच्या भांड्यांचे कारखाने भरपूर. ताटे, वाट्या, डबे ज्या साच्यांतून दाबून काढतात ते साचे, म्हणजे डाय, मी चौतीस वर्षे बनवले. निवृत्त झालो तेव्हा व्हाइस, कानशी, ऑइलस्टोन आणि मायक्रोमीटर एवढी इस्टेट घरी आणली आणि गॅलरीत एक टेबल मांडले. सौ. म्हणाली, "आता निदान कपडे तरी वाळत घालायला जागा ठेवा."

त्यात नातीने शाळेत रायफल शूटिंगला नाव घातले. तिच्यासाठी एक जुनी, मधोमध मोडणारी एअर रायफल घेतली. दोन महिन्यांत तिची ताकद गेली. छर्रा कागदावर पोचायचा, पण दमून पोचायचा. दुरुस्तीला दूर पाठवावी लागेल, तीन-चार आठवडे लागतील, असे कळले. नातीची स्पर्धा पंधरा दिवसांवर. शेवटी मीच ती उघडली.

आत पाहिले आणि हसूच आले. आमच्या लहानपणीच्या वातीच्या नव्हे, पंपाच्या स्टोव्हची ही थोरली बहीण! नळी खाली दाबली की आतली जाड स्प्रिंग दबते आणि एका आकड्यात अडकते. चाप ओढला की आकडा सुटतो, स्प्रिंग दट्ट्याला पुढे फेकते, दट्ट्यापुढची हवा दाबली जाते आणि ती हवा छर्ऱ्याला नळीबाहेर हाकलते. दट्ट्याच्या तोंडाशी वॉशर असतो, तो झिजला की हवा मागे पळते. स्टोव्हचा पंप हवा धरेनासा झाला की आई त्याच्या चामडी वॉशरला तेल लावून तो फुलवायची. इथे दुखणे तेच होते. नवा वॉशर घातला, नळीच्या बुडाची रबरी कडी बदलली आणि रायफल पुन्हा खणखणीत बोलू लागली.

नातीने ही गोष्ट रेंजवर सांगितली. मग तिच्या मैत्रिणीची रायफल आली, मग एका शाळेच्या दोन आल्या, मग बोरिवलीहून एक गृहस्थ आले. महिन्याला पाच-सहा बंदुका गॅलरीत येऊ लागल्या. पैसे मी सामानापुरते घेत असे. मुलगा म्हणाला, "बाबा, फुकट कशाला करता? एक छोटा गाळा घेऊ. पाटी लावू." त्याने हिशेबही मांडला. गाळ्याचे भाडे, एक छोटे लेथ, सुट्या भागांचा साठा, छर्ऱ्याचा वेग मोजणारे यंत्र. कागदावर धंदा बसत होता. मलाही मोह झाला. साठी उलटलेल्या माणसाला आपली कुणाला तरी गरज आहे, असे वाटणे ही काही लहान गोष्ट नव्हे.

आणि गरज खरोखरच आहे. 2010 साली कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवले. 2022 मध्ये ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील कैरोला दहा मीटर एअर रायफलमध्ये जगज्जेता झाला. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने कांस्यपदक आणले. त्यानंतर किती आईबापांनी मुलांच्या हातात रायफल दिली असेल! पण रायफल घेणारे वाढले तरी ती उघडून नीट जोडणारे हात त्या प्रमाणात वाढलेले मला तरी आमच्या भागात दिसले नाहीत.

दहा मीटरच्या एअर रायफलच्या लक्ष्यावर मधला ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा. पेन्सिलीने टेकवलेल्या टिंबाएवढा. तिथे यंत्राची बारीकशी कुरबुरही पदक नेते. 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरचे पिस्तूल ऐन फेरीत बिघडले. नेमबाजाला वेळ ठरलेला असतो, घड्याळ कुणासाठी थांबत नाही. पिस्तूल ठीक करून परत येईपर्यंत तिची मोलाची मिनिटे गेली. ती बारावी आली, अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. त्याच मुलीने पॅरिसला दोन कांस्यपदके जिंकली, ही तिची जिद्द. पण टोकियोतली ती मिनिटे मी विसरू शकत नाही. कारागीर म्हणून माझा जीव तिथे अडकतो.

एवढे सगळे मनात जुळल्यावर मी पाटी रंगवायला देणार, इतक्यात एका वकील स्नेह्याने हात धरला. म्हणाला, "आधी कायदा वाच."

वाचला. 1959 च्या शस्त्र कायद्यात कलम 5 आहे. बंदूक बनवणे, विकणे याच्याच ओळीत दुरुस्त करणे आणि चाचणी घेणे हे शब्द आहेत. या सगळ्याला परवाना लागतो. पुढच्याच कलमात नळी आखूड करणे आणि नकली बंदुकीची खरी करणे यांना परवान्याशिवाय मनाई आहे. 2019 मध्ये कायदा आणखी कडक झाला. परवान्याविना बंदुका बनवणे, विकणे, दुरुस्त करणे यांना पूर्वी तीन ते सात वर्षांची शिक्षा होती, ती आता किमान सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी झाली. आपण केवळ कानस फिरवत होतो, ही सबब तिथे चालत नाही.

हे इतके कडक का, ते समजायला बिहारमधल्या मुंगेरकडे पाहावे. अठराव्या शतकात बंगालचा नवाब मीर कासीम याने तिथे राजधानी नेली आणि शस्त्रांचे कारखाने काढले. पुढे तिथल्या घराण्यांत ही कला पिढ्यान् पिढ्या उतरली. आज त्याच गावाचे नाव परवानाधारक कारखान्यांसाठीही घेतले जाते आणि चोरट्या कट्ट्यांसाठीही. कानस तीच आणि हातही तेच. फरक एवढाच की एकीकडे बंदुकीची वहीत नोंद होते आणि दुसरीकडे होत नाही.

हवाई बंदुकीची गोष्ट निराळी. 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या नळीची आणि 20 ज्यूलच्या आतल्या ताकदीची एअर रायफल बाळगायला परवाना लागत नाही. हे 20 ज्यूल म्हणजे काय? अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 175 मीटर वेगाने गेला तर सुमारे साडेसात ज्यूल होतात. स्पर्धेच्या रायफलला तेवढे पुरते. तोच छर्रा 280 मीटरने गेला तर ताकद साडेएकोणीसच्या पुढे सरकते, म्हणजे अगदी सीमेवर पोचते. मधले अंतर एका जड स्प्रिंगचे आहे. आणि ती स्प्रिंग बसवणारा हात माझा असणार! शिवाय घरात ठेवायला परवाना लागत नाही, म्हणून दुकान काढायलाही लागत नाही, असे आपल्या मनाने ठरवायचे नसते.

कायद्याने मी सावध झालो. पण खरा शहाणा झालो तो माझ्याच चुकीने.

नातीची तक्रार होती, चाप जड लागतो. जड चाप ओढताना नळी हलते आणि नेम जातो, हे खरेच. मी आकडा काढला आणि ऑइलस्टोनवर घासला. टूलरूमचा माणूस, पृष्ठभाग आरशासारखा केल्याशिवाय चैन पडेना. दोन हात जास्तच घासले. मग रायफल जोडली. पहिली चाचणी रिकामी करायची, हा नियम मला ठाऊक होता. पण उत्साहाच्या भरात छर्रा घातला आणि नळी वर करून बंद केली. चापाला बोट लागलेलेही नव्हते. फट्!

छर्रा समोरच्या लाकडी कपाटाच्या दारात शिरला. जमिनीपासून साडेतीन फुटांवर. तिथेच एक मिनिटापूर्वी नात पाट टाकून बसली होती. पाणी प्यायला ती स्वयंपाकघरात गेली होती.

"आजोबा, काय झालं?" तिने आतून विचारले. मला उत्तर देता आले नाही. माझ्या हाताला त्या दिवशी जो कंप सुटला तो रात्रीपर्यंत गेला नाही. चौतीस वर्षांत माझ्या हातून डाय बिघडल्या होत्या. डाय बिघडली की पत्रा फाटतो, मालक ओरडतो, फार तर पगारातून पैसे जातात. इथे काय जाणार होते, ते सांगायची हिंमत अजून होत नाही. मी तो आकडा फेकून दिला आणि कंपनीचा नवा मागवला. आणि हेही लक्षात आले की आतापर्यंत परक्यांच्या पंचवीस-तीस बंदुका या टेबलावरून परत गेल्या होत्या. प्रत्येकीच्या पुढे कधीतरी कुणीतरी उभे राहणारच होते.

आता पुन्हा त्या चादरवाल्या तरुणाकडे येतो. त्याची रायफल नादुरुस्त नव्हतीच. त्याला तिची ताकद वाढवून हवी होती. "पैशाचं बघू नका काका. मिठागराकडे जातो आम्ही. एवढ्या लांबून पक्षी पडत नाही."

आमच्या भाईंदरच्या मिठागरांत आणि खाडीच्या चिखलात बगळे, शेकाट्या उतरतात. सकाळी फिरायला गेलो की मी त्या लांब गुलाबी पायांच्या शेकाट्या बघत उभा राहतो. त्यांना मारणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. मी त्याला तेही सांगितले आणि डॉ. सालिम अलींची गोष्टही सांगितली. लहानपणी त्यांनी हवाई बंदुकीनेच एक चिमणी मारली. तिच्या कंठावर पिवळा डाग दिसला, म्हणून ती घेऊन ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत विचारायला गेले. त्या एका प्रश्नातून देशाला केवढा मोठा पक्षितज्ज्ञ मिळाला! पण प्रत्येक पोरगा पुढे सालिम अली होत नाही. अरुणाचल प्रदेशात 2021 पासून सरकारने लोकांना हवाई बंदुका स्वखुशीने जमा करण्याचे आवाहन केले, तेव्हा दोन हजारांहून अधिक बंदुका जमा झाल्या. पक्षी संपत चालले होते, हे बंदूकवाल्यांनाच दिसत होते.

तरुणाने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "तुम्ही नाही तर दुसरा कुणी करेल." आणि चादर गुंडाळून जिना उतरून गेला. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण तो दुसरा कुणी मी नव्हतो, इतके मात्र त्या दिवशी पक्के झाले.

रात्री सौ.ला विचारले, "काय करू? सोडून देऊ हे सगळं?" ती म्हणाली, "पोरींच्या रायफली नीट करायला कुणी नको का? करा. पण रोज एकदा त्या कपाटाकडे बघून मग हात लावा."

तर असे ठरले आहे. गाळा आत्ताच घ्यायचा नाही. मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाला मी लेखी विचारणा केली आहे. हे काम करायचे तर कोणती परवानगी, कोणती नोंद, कोणती जागा लागेल ते कळवावे. लेखी उत्तर येईपर्यंत परक्याची बंदूक घ्यायची नाही, पैसे घेऊन नाही आणि फुकटही नाही. वेग मोजायचे यंत्र मात्र घेतले. एक जाड वही आणली आहे. तिच्यात मालकाचे नाव, बंदुकीचा क्रमांक, काय बदलले, आधीचा वेग, नंतरचा वेग असे रकाने आखले आहेत. पहिल्या पानावर नातीची रायफल आहे.

धंदा म्हणून हे कितपत चालेल, माहीत नाही. मुलाचा हिशेब चुकला, कारण "नाही" म्हणून परत पाठवलेल्या गिऱ्हाइकांचा रकाना त्यात नव्हता. या कामात तो रकाना मोठा असणार.

मुलाने पाटीचा मजकूर विचारला, तेव्हा मी तळाची ओळ आधी लिहून दिली : 'ताकद वाढवून मिळणार नाही. आग्रह करू नये.' तो म्हणाला, "बाबा, ही तर पुणेरी पाटी झाली!" झाली तर झाली.

कपाटाचे ते भोक लांबी भरून बुजवायला सुतार तयार होता. मी नको म्हटले.