सातबारा बिलोलीचा, यंत्र भाड्याचं

पीककर्जासाठी सातबारा हवा असेल, तर पूर्वी तलाठी सज्जावर कधी भेटतात हे आधी विचारावं लागे. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला. गट नंबर टाकायचा, १५ रुपये भरायचे. कागद बिलोलीतही निघतो आणि पुण्यातही.

अशा सेवांना क्लाउड, म्हणजे दूरच्या मोठ्या डेटा सेंटरमधली भाड्याची संगणक-यंत्रं, सोयीचा पडतो. मृगाच्या तोंडावर मागणी एकदम वाढते, नंतर ओसरते. गर्दीपुरती जास्त यंत्रं भाड्यानं घ्यायची, काम सरलं की सोडायची. आडत्याचंही तेच. हिशेबासाठी स्वतःचा सर्व्हर ठेवला, तर इन्व्हर्टर आणि एसी आलाच. काम चार तासांचं, वीज मात्र चोवीस तासांची.

पर्यावरणाचा फायदाही इथेच आहे. अशा मोठ्या केंद्रात एकच यंत्र अनेकांचं काम करतं, त्यामुळे रिकामं कमी फिरतं. २०२०मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार, २०१० ते २०१८ या काळात जगातल्या डेटा सेंटरमधलं काम साडेपाचशे टक्क्यांनी वाढलं, वीजवापर जेमतेम सहा टक्क्यांनी.

पण हे एआयच्या आधीचं चित्र. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४मध्ये या केंद्रांनी जगातली सुमारे दीड टक्का वीज वापरली, आणि वापर झपाट्यानं वाढतोय. थंडाव्यासाठी पाणी लागतं ते वेगळंच. मराठवाड्यातल्या वाचकाला त्याची किंमत सांगायला नको. शिवाय रेंज गेली, की क्लाउड कितीही मोठा असो, गावातल्या सेवा केंद्रावरची रांग हलत नाही.