अल्पव्ययी घरगुती व्यायामशाळा

स्नायुबलाची वाढ साधनांच्या किमतीवर नव्हे, तर क्रमाक्रमाने वाढविलेल्या भारावर अवलंबून असते. जखमी सैनिकांवर उपचार करताना अमेरिकन लष्करी वैद्य थॉमस डेलॉर्म यांनी १९४५ मध्ये याच तत्त्वाचा पुरस्कार केला. घरी हा भार शरीराच्या कलातूनच साधता येतो. शरीर ताठ ठेवून जोर काढताना हातांवर देहभाराचा सुमारे ६४ टक्के अंश पडतो. पाय ६० सेंटिमीटर उंचावर ठेवल्यास तो ७४ टक्के होतो, हात तेवढ्याच उंचीवर टेकल्यास ४१ टक्क्यांवर उतरतो. एका भक्कम बाकाने एवढे साधते! उणीव राहते ती ओढण्याच्या व्यायामाची. पाठीच्या स्नायूंना जमिनीवर पुरेसा भार मिळत नाही. यास्तव पहिला खर्च वजनांवर न करता लोंबकळण्याच्या दांड्यावर करावा. तुळईला बांधलेल्या दोरानेही काम भागते. मात्र तुळई आधी पारखून घ्यावी.