वडिलांनी पुस्तक वाचलं तेव्हा

परवा वाचनालयातून ‘जेन एअर’ आणली. कॉलेजात अर्धवट सोडलेली कादंबरी. जुन्या वळणाची, लांबच लांब वाक्यांची. या खेपेला मात्र पुरी केली, कारण वाचताना डोक्यात सारखा एकच वाचक होता: लेखिकेचे वडील.

पॅट्रिक ब्राँटी हे इंग्लंडमधल्या हॉवर्थ गावचे धर्मगुरू. १८४७ च्या ऑक्टोबरात त्यांच्या शार्लटची ही कादंबरी टोपणनावाने छापून आली, गाजली, तरी घरात वडिलांना पत्ता नाही! शेवटी एक दिवस ती पुस्तक आणि परीक्षणं घेऊन त्यांच्या खोलीत गेली. त्यांना वाटलं, हाताने लिहिलेलं आहे, डोळ्यांना झेपायचं नाही. आदल्याच वर्षी मँचेस्टरला मोतीबिंदू काढलेला, तोही भूल न देता. (तिथे त्यांची शुश्रूषा करतानाच तिने ही कादंबरी लिहायला घेतली होती.) छापलंय म्हटल्यावर खर्चाची काळजी! बापच तो. संध्याकाळी चहाला मात्र बाकीच्या मुलींना म्हणाले, की शार्लटनं पुस्तक लिहिलंय आणि ते वाटलं होतं त्याहून बरंच चांगलं आहे. एलिझाबेथ गॅस्केल यांनी १८५७ च्या चरित्रात हा प्रसंग दिलाय. मला आमचे अण्णा आठवले. माझी पहिली कथा दिवाळी अंकात आली तेव्हा म्हणाले, “टाइप फार बारीक आहे गं.”

पण मैत्रिणींनो, त्या पुस्तकात एक शाळा आहे. कडाक्याची थंडी, करपलेली लापशी आणि मुलींना उपाशी ठेवून वर धर्म शिकवणारा एक धर्मगुरू. शाळा खरीच होती, कोवन ब्रिजची, धर्मगुरूंच्या मुलींसाठी काढलेली. बायको गेलेली, कमाई बेताची, म्हणून पॅट्रिकनी १८२४ मध्ये चार मुली तिथे घातल्या. पुढच्या वर्षी मे महिन्यात मारिया गेली, जूनमध्ये एलिझाबेथ. दोघी आजारी होऊन घरी आल्या होत्या. अकरा आणि दहा वर्षांच्या. कादंबरीत मरणारी हेलन म्हणजे आपली मारियाच, असं शार्लटनंच पुढे सांगितलं.

म्हणजे तो बाप त्या दिवशी हेही वाचत होता. आपणच पोरींना तिथे पोचवलं होतं, हे आठवत वाचत असणार. चहाच्या त्या प्रसंगात शाळेचा उल्लेखच नाही.

हेलनचं प्रकरण संपवून मी लेकीच्या वसतिगृहात फोन लावला. “जेवलीस का?”

“आई, आत्ता तासाभरापूर्वीच विचारलंस ना!”