मम म्हणा, पाणी सोडा

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी सत्यनारायण असला की पूजेला मीच बसतो. गुरुजी संकल्प म्हणतात, "मम म्हणा" सांगतात. मी मम म्हणून पळीभर पाणी हातावरून ताम्हणात सोडतो. आपण नक्की काय कबूल केलं, हे चाळिशी उलटेपर्यंत मी विचारलं नव्हतं. लक्ष शिऱ्याकडे.

याच शहरात १९१५ साली महाराज सयाजीराव गायकवाडांनी हिंदू पुरोहित कायदा केला. पौरोहित्य करायचं तर संस्थानची परीक्षा द्या. मंत्रांचा अर्थ तुम्हाला कळला पाहिजे आणि यजमानालाही त्याच्या भाषेत सांगता आला पाहिजे. परीक्षेवाचून विधी केले तर दंड. १८९६ मध्ये राजवाड्यात वेदोक्त, म्हणजे वेदमंत्रांनी होणारे, विधी सुरू करताना महाराजांना स्वतःलाच पुरोहितांशी झगडावं लागलं होतं, तेव्हा हा विषय त्यांना ऐकीव नव्हता.

पण सरकारनं पूजाघरात शिरायचं कशाला? हे समजायला जरा युरोपात जावं लागतं. १५२२ मध्ये मार्टिन ल्यूथरनं भाषांतर केलेला बायबलचा नवा करार जर्मनमध्ये आला. धर्मग्रंथ आपल्या भाषेत वाचता आला की त्याचा अर्थ लावण्याची जबाबदारीही आपल्याच गळ्यात पडते. मध्यस्थावर ढकलता येत नाही. सदसद्विवेक ज्याचा त्याचा, ही कल्पना त्यातून बळावली. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकनं १६८९ च्या सहिष्णुतेवरील पत्रात तीच पुढे नेली: जबरदस्तीनं धरलेली श्रद्धा ही श्रद्धाच नव्हे, म्हणून राज्यानं त्यात पडू नये. गंमत अशी, की याच लॉकनं नास्तिकांना मात्र सवलत दिली नाही. देव न मानणाऱ्याची शपथ कशावर टिकणार, ही त्याची शंका. करार, साक्ष, वचन या गोष्टी शिपाई उभा नसतानाही पाळल्या जाव्या लागतात; तिथं त्याला धर्म हवा होता. नास्तिकांवर हा अन्यायच, पण उदारमतवादाच्या घराखाली कोणता दगड आहे ते यातून दिसतं. अर्थात त्याच बायबलातून गुलामगिरीचं समर्थन करणारेही निघाले आणि तिच्याविरुद्ध लढणारे क्वेकर पंथीयही.

आता परत बडोद्याकडे. समाजसुधारक विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माचा तौलनिक अभ्यास करायला गेले, तेव्हा प्रवासखर्चाला सयाजीरावांनी हात दिला होता. हा राजा शाळा काढत होता तसाच धर्मही दुरुस्त करू पाहत होता.

आणि तरी १९१७ घडलं. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात शिकलेले आंबेडकर संस्थानच्या नोकरीत आले आणि त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी पथिकाश्रमात उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दाराशी आली. मित्रांनी घर दिलं नाही. मुंबईच्या रात्रीच्या गाडीपर्यंतचे पाच तास त्यांनी कमाटी बागेत काढले. आम्ही तिथं रविवारी पोरांना घेऊन शेंगा खायला जातो.

राजा अनुकूल, नोकरी पक्की, मग अडलं कुठे? खोली नाकारणाऱ्याला आपण काही वाईट करतोय असं वाटतच नव्हतं. तो उलट धर्म पाळत होता. १९३६ च्या 'जातिभेद निर्मूलन' या न झालेल्या भाषणात आंबेडकरांनी हीच गाठ सोडवली आहे. नियम वेगळा, तत्त्व वेगळं. नियम 'असं कर' म्हणतो आणि तुम्ही हात जोडून मोकळे. तत्त्व तुम्हाला तोलायला लावतं, म्हणून जबाबदार धरतं. नियमांचा धर्म मोडा, तत्त्वांचा उभारा, असं त्यांचं म्हणणं. खरा धर्म हा समाजाचा पाया, या ब्रिटिश विचारवंत एडमंड बर्कच्या मताला तिथंच त्यांनी दुजोरा दिला. पुढं उपाय सांगितला: पौरोहित्य वंशपरंपरेनं नको, सरकारी परीक्षा हवी, सनद हवी, सनदेवाचून विधी केला तर गुन्हा. बडोद्याच्या वाचकाला हे वाचताना १९१५ आठवल्याशिवाय राहत नाही. फक्त आंबेडकरांना अर्थ सांगणारा पुरोहित पुरेसा नव्हता. सांगितला जाणारा अर्थही बदलायला हवा होता.

पुढे १९५४ मध्ये आकाशवाणीवर आंबेडकर म्हणाले, की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे, बुद्धाकडून घेतली. पहिल्या दोन्हींना कायद्याचं संरक्षण असतं, पण कायदा कुणीही मोडू शकतो. त्यांची खरी राखण बंधुता करते, आणि बंधुता हे धर्माचंच दुसरं नाव. बोलणारा माणूस देशाचा कायदामंत्री राहिलेला होता.