मध्यरात्रीची खाज

मूल रात्री झोपेत चुळबुळतं, ढुंगण खाजवतं, मध्येच किरकिरत उठतं. घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘गोड फार खातो, जंत झालेत.’ जंतांचा अंदाज बऱ्याचदा खरा निघतो; गोडावरचा आळ मात्र खोटा. दिवाळीचे लाडू खाऊन कुणाला जंत होत नाहीत. जंताचं अंडं तोंडावाटे पोटात गेलं तरच जंत होतात.

हा जंत म्हणजे सूत्रकृमी. शास्त्रीय नाव एंटरोबियस वर्मिक्युलॅरिस. पांढऱ्या दोऱ्याच्या बारीक तुकड्यासारखा दिसतो. मादी ८ ते १३ मिलिमीटर लांब, नर त्याहून बराच लहान. माणसाशी त्याचं नातं फार जुनं आहे. अमेरिकेतल्या युटाह राज्यातील डेंजर केव्ह या गुहेत मानवी विष्ठेचे सुमारे १०,००० वर्षांपूर्वीचे अवशेष मिळाले, त्यांत याची अंडी सापडली. आजही श्रीमंत देशांतल्या चकचकीत शाळांमधल्या मुलांना तो होतो. तो माणसाकडूनच माणसाला लागतो, घरातल्या कुत्र्या-मांजराकडून नाही.

तो पसरतो कसा?

गिळलेलं अंडं लहान आतड्यात उबतं. अळी पुढे सरकत मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला मुक्काम करते. अंडं पोटात गेल्यापासून मादी अंडी घालू लागेपर्यंत एक ते दोन महिने जातात. मग रात्री, मूल झोपलेलं असताना, मादी गुदद्वारातून बाहेर येते आणि भोवतालच्या त्वचेवर १०,००० किंवा त्याहून जास्त चिकट अंडी घालते. खाज सुटते ती यामुळे. चार ते सहा तासांत ही अंडी दुसऱ्याला लागण करण्याइतकी तयार होतात. मूल खाजवतं, अंडी नखांत अडकतात, तेच बोट तोंडात जातं आणि चक्र पुन्हा सुरू होतं.

खाजवलेल्या हातांबरोबर अंडी चादर, चड्डी, टॉवेल, खेळणी, दाराची कडी अशी सगळीकडे पोहोचतात. दमट, थंड जागेत ती दोन-तीन आठवडे तग धरतात. चादर झटकली की हवेतही उडतात. पाळणाघर, वसतिगृह आणि एकाच अंथरुणावर झोपणारी भावंडं इथे लागण झपाट्याने होते, ती म्हणूनच.

निदान कुठे चुकतं?

शंका आली की आपण शौचाचा नमुना तपासायला देतो. रिपोर्टमध्ये काही सापडत नाही आणि पालक निर्धास्त होतात. पण ही मादी अंडी घालते बाहेर, त्वचेवर. शौचात ती क्वचितच मिळतात. म्हणून शोधही त्वचेवरच घ्यावा लागतो. मूल झोपल्यावर दोन-तीन तासांनी टॉर्च घेऊन पाहिलं, तर वळवळणारे पांढरे धागे डोळ्यांनाही दिसू शकतात.

खात्रीची तपासणी चिकटपट्टीची. १९४१मध्ये ग्रॅहॅम यांनी मांडलेली ही पद्धत आजही वापरात आहे. सकाळी उठल्याबरोबर, शौचाला जाण्याआधी आणि अंघोळीआधी पारदर्शक चिकटपट्टी गुदद्वाराभोवती हलकेच दाबायची, काचपट्टीवर चिकटवायची आणि लॅबमध्ये द्यायची. सूक्ष्मदर्शकाखाली एका बाजूने चपटी, लांबट अंडी दिसतात. एकाच दिवसाच्या तपासणीत ती हुकू शकतात. ओळीने तीन सकाळी नमुना घेतला तर बहुतेक रुग्ण सापडतात.

उपचार सगळ्या घराचा

अल्बेंडाझोल, मेबेंडाझोल किंवा पायरँटेल ही औषधं गुणकारी आहेत. पण ती जंत मारतात, अंडी नाही. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरा डोस घ्यावाच लागतो. तो चुकला की ‘औषध लागू पडलं नाही’ अशी तक्रार होते. त्रास एकालाच असला तरी डॉक्टरांच्या सल्ल्याने घरातल्या सर्वांनी एकाच वेळी औषध घ्यावं. गरोदर स्त्रिया आणि अगदी लहान बाळं यांच्याबाबत डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही देऊ नये. मुलींमध्ये हे जंत योनीमार्गाकडे जाऊन तिथेही खाज आणि स्राव होऊ शकतो. तो लपवून ठेवू नये.

शाळा-अंगणवाड्यांत राष्ट्रीय जंतनाशक दिनी मिळणारी गोळी अल्बेंडाझोलचीच असते. मात्र २०१५पासून चालणारी ही मोहीम मुख्यतः मातीतून पसरणाऱ्या जंतांसाठी आहे. सूत्रकृमीला मातीची गरज नाही; त्याला घरातलं अंथरूण पुरतं. त्यामुळे ती गोळी घेतली असली तरी खाज पुन्हा सुरू झाल्यास तपासणी करावी.

औषधाबरोबर रोज सकाळी अंघोळ, धुतलेली चड्डी, कापलेली नखं, शौचानंतर आणि जेवणाआधी साबणाने धुतलेले हात हवेतच. चादरी न झटकता गोळा करून गरम पाण्यात धुवाव्यात.

आणि मुलाला ‘घाणेरडा’ म्हणू नका. नीटनेटक्या घरातल्या मुलालाही हे जंत होतात. शरमेपोटी मूल खाज लपवतं आणि तोवर भावंडांना लागण होते. मुलाने सांगितलं तर ऐकून घ्या, सकाळी चिकटपट्टीची तपासणी करा आणि दुसरा डोस चुकवू नका.