मुगाच्या पानातली चोरवाट

पावसाळ्यात बिदरहून भालकी-औरादकडे जाताना मुगा-उडदाच्या हिरव्या रानात मध्येच पिवळीजर्द झाडं दिसतात. हा पिवळा मोझॅक, विषाणूमुळे होणारा रोग. पांढरी माशी विषाणू सोडते मोजक्याच पेशींत. मग अख्खं झाड पिवळं कसं पडतं?

मी थक्क होतो ते इथंच! पेशींच्या जाड भिंतींत प्लाझ्मोडेस्माटा नावाच्या, जेमतेम ५० नॅनोमीटर रुंदीच्या बोळी असतात. झाड कॅलोज नावाचा पदार्थ साठवून त्या आवळतं. विषाणूचा डीएनए म्हणजे दोन छोटी वर्तुळं. त्यातल्या एकावर प्रवासाचीच दोन प्रथिनं: एक डीएनएला केंद्रकाबाहेर काढतं, दुसरं भिंतीपल्याड नेतं. पण वाहन झाडाचंच! याच कुळातल्या कोबीवरच्या विषाणूच्या प्रयोगांत दिसलं, की हे दुसरं प्रथिन झाडाच्या सिनॅप्टोटॅग्मिन नावाच्या प्रथिनाला धरतं. एरवी झाडाचं हे प्रथिन पेशीतल्या पडद्यांची ने-आण सांभाळतं. त्याची उणीव असलेल्या रोपांत विषाणूची चाल मंदावली. तंबाखूच्या मोझॅक विषाणूचीही, आणि तो तर या कुळाचासुद्धा नाही!

कलबुर्गीच्या तुरीवरचा वांझ रोग सूक्ष्म कोळी पसरवतो. त्याचा विषाणू निराळा, पण त्याच्याही एका आरएनए तुकड्यावर अशाच वाहक प्रथिनाची खूण आहे.